कुणीतरी आपल्यासाठी धावले होते



आमच्या वस्तीतल्या एका मुलीची हकीकत आधी सांगतो. तिचे नाव देत नाही. नाव काय, आपल्या प्रत्येक वस्तीत अशी एक तरी मुलगी असतेच. वडील सफाई कामगार, आई चार घरच्या पोळ्या लाटते. मुलीने दहा बाय बाराच्या खोलीत, पोटमाळ्यावर बसून अभ्यास केला. पदवी घेतली, दोन वर्षे नोकरी केली आणि इंग्लंडच्या एका विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य या विषयासाठी अर्ज केला. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात प्रवेशाचे पत्र आले. वस्तीत पेढे वाटले गेले. विहारात तिचा सत्कार झाला. महिला मंडळाने साडी दिली, तरुण मंडळाने बाबासाहेबांची तसबीर दिली. भाषणे झाली. टाळ्या झाल्या.

पण त्या पत्राच्या दुसऱ्या पानावर एक तारीख होती. त्या तारखेच्या आत फीचा पहिला हप्ता भरायचा होता. शिष्यवृत्तीचा निकाल लागायचा होता. बँकेने विचारले, तारण काय ठेवता? ज्यांची खोलीच भाड्याची, त्यांनी तारण काय ठेवावे? बापाने भविष्य निर्वाह निधीतून उचल मागितली, ती वेळेत हाती आली नाही. तारीख गेली. प्रवेशही गेला. सत्काराची साडी घडीसुद्धा न मोडता पेटीत राहिली.

आम्ही सगळे हळहळलो. खरे सांगायचे तर त्याहून अधिक काहीच केले नाही. टाळ्या वाजवायला आम्ही दोनशे जण होतो. त्या दोनशे जणांपैकी एकालाही दुसरे पान वाचावेसे वाटले नव्हते. त्यात हा लेख लिहिणाराही आलाच.

काही दिवसांनी विहाराच्या पायरीवर बसलेला एक तरुण म्हणाला, "काका, आपण दौड काढू या. परदेशात लोक धावून पैसे जमवतात म्हणे." म्हातारी माणसे हसली. मीही हसलो. धावून घाम निघतो, पैसे कसे निघतील? पण रात्री झोप येईना. म्हणून मी शोध घ्यायला बसलो. जे समजले ते आज आपल्यापुढे ठेवतो आहे.

साडेअकरा पौंडांची शिदोरी

परदेशच्या शिष्यवृत्तीची गोष्ट आपल्या घरात नवी नाही. आपला सारा इतिहासच एका शिष्यवृत्तीवर उभा आहे. ४ जून १९१३ रोजी भीमराव आंबेडकर या तरुणाने बडोदा संस्थानाच्या करारावर सही केली. महाराज सयाजीराव गायकवाडांनी दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी मंजूर केले. अट अशी की, परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची. त्याच वर्षी जुलैत बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. १९१५ मध्ये एम.ए. झाले आणि १९१६ मध्ये लंडनला गेले.

१९१७ मध्ये मात्र शिष्यवृत्तीची मुदत संपली. अभ्यास अर्धा राहिला आणि बाबासाहेबांना परतावे लागले. विचार करा, बाबासाहेबांसारख्या बुद्धिमान विद्यार्थ्यालाही पैसा संपला म्हणून लंडन सोडावे लागले! पुढे सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पै-पै साठवली. राजर्षी शाहू महाराजांनी मदत केली. नवल भथेना या पारशी मित्राने कर्ज दिले. तेव्हा कुठे १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला जाऊ शकले. इकडे रमाईने संसाराचा गाडा कसा ओढला, हे आपल्या आया-बहिणींना वेगळे सांगायला नको.

म्हणजे एका विद्यार्थ्यामागे एक राजा होता, दुसरा राजा होता, एक मित्र होता, स्वतःची बचत होती आणि घरी उपाशी राहणारी एक बाई होती. इतके हात लागले तेव्हा एक डॉक्टरेट झाली. आज राजे नाहीत. मग ते हात कुणाचे?

पावसातले दोन हात

आता लंडनकडे वळू. ज्या शहरात बाबासाहेब ग्रंथालयात तासन्‌तास बसत, त्याच शहरात आज दरवर्षी एक मोठी दौड होते. ख्रिस ब्रॅशर हे १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमधले सुवर्णपदक विजेते. १९७९ मध्ये ते आपले मित्र जॉन डिस्ली यांच्यासह न्यूयॉर्कची मॅरेथॉन धावले. तिथे त्यांनी पाहिले की कारकून, कामगार, गृहिणी, काळे-गोरे सगळे एकत्र धावतात आणि रस्त्याच्या कडेला उभे असलेले लोक अनोळखी माणसाला हाका मारून धीर देतात. आपल्या शहरातही असे का होऊ नये, या विचारातून २९ मार्च १९८१ रोजी लंडनची पहिली मॅरेथॉन झाली.

त्या दिवशी पाऊस होता. अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर. सहा हजारांहून अधिक लोकांनी ते पूर्ण केले. सर्वांच्या पुढे दोघे होते, अमेरिकेचा डिक बियर्डस्ली आणि नॉर्वेचा इंगे सिमन्सन. शेवटच्या रेषेजवळ दोघांनी एकमेकांचा हात धरला आणि बरोबरच रेषा ओलांडली. पहिला कोण आणि दुसरा कोण, हा प्रश्नच उरला नाही. दोघेही पहिले!

पण आपल्याला जिंकणाऱ्यांशी काय करायचे आहे? आपल्या कामाची आहेत ती मागून येणारी हजारो माणसे. ती धावतात कुणासाठी तरी. कुणी कर्करोगाच्या रुग्णालयासाठी, कुणी अंध मुलांसाठी, कुणी दूरच्या देशातल्या शाळेसाठी. हे गणित समजून घ्या. धावणारा माणूस महिनाभर आधीच एक कागद घेऊन फिरतो. कारखान्यात, कचेरीत, शेजारीपाजारी, नातलगांत. म्हणतो, "मी इतके अंतर पुरे करणार आहे. माझ्यासाठी नको, त्या कामासाठी काही द्या." कुणी एकरकमी देतो, कुणी मैलामागे ठरावीक रक्कम लिहून देतो. धावणाऱ्याने अंतर पुरे केले की माणसे शब्द पाळतात.

१९९३ पासून तिथे आणखी एक सोय झाली. सेवाभावी संस्था दौडीतल्या काही जागा आयोजकांकडून आधीच विकत घेतात. त्या जागा ज्यांना हव्यात त्यांनी संस्थेसाठी ठरावीक रक्कम जमवून द्यायची, असा करार असतो. ही रक्कम बहुधा हजार-दोन हजार पौंडांच्या घरात असते. जागा थोड्या आणि धावणारे फार, त्यामुळे माणसे आनंदाने ही जबाबदारी घेतात. अशा रीतीने २०१९ पर्यंत या एका दौडीतून जमलेला पैसा एक अब्ज पौंडांच्या पुढे गेला. २०२५ च्या दौडीत ५६ हजारांहून अधिक लोकांनी अंतर पूर्ण केले आणि ८ कोटी ७० लाख पौंडांहून अधिक रक्कम उभी राहिली. एका दिवसात! आणि त्यात लक्षाधीशांच्या देणग्यांपेक्षा पाच-दहा पौंडांच्या पावत्यांचाच ढीग मोठा असतो.

न शिकलेला म्हातारा

या दौडीतला एक माणूस आपल्या मातीतला होता. फौजासिंग. १९११ साली पंजाबातल्या एका शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला. शाळेचे तोंड पाहिलेले नाही, लिहिता-वाचता येत नाही. मुलाच्या अपघाती मृत्यूने खचलेला हा बाप दुसऱ्या मुलाकडे लंडनला राहायला गेला आणि दुःख विसरण्यासाठी धावू लागला. २००० साली, वयाच्या ८९ व्या वर्षी, तो लंडनची पहिली मॅरेथॉन धावला. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांसाठी काम करणाऱ्या संस्थेला त्याच्या धावण्याने पैसे मिळवून दिले. सर्वांत म्हातारा माणूस सर्वांत लहान जिवांसाठी धावला. २०११ मध्ये शंभर वर्षांच्या वयात त्याने टोरांटोची मॅरेथॉन पूर्ण केली. जुलै २०२५ मध्ये आपल्या गावाजवळ रस्त्यावर मोटारीची धडक बसून त्याचे निधन झाले.

आपल्या घरातले साठीचे आजोबा म्हणतात, "आता आपल्याच्याने काय होणार?" त्यांना फौजासिंगाची ही गोष्ट जरूर वाचून दाखवा.

एक पाय, एक डॉलर

दुसरी गोष्ट कॅनडाची. टेरी फॉक्स हा अठरा वर्षांचा खेळाडू. हाडाच्या कर्करोगाने १९७७ मध्ये त्याचा उजवा पाय कापावा लागला. रुग्णालयात त्याने आपल्याहून लहान मुलांच्या वेदना पाहिल्या. १२ एप्रिल १९८० रोजी तो कृत्रिम पायाने देशाच्या पूर्व किनाऱ्यावरून धावत निघाला. रोज जवळजवळ एका मॅरेथॉनएवढे अंतर! त्याची मागणी साधी होती. कॅनडाची लोकसंख्या तेव्हा २ कोटी ४० लाख. प्रत्येकाने कर्करोगाच्या संशोधनासाठी फक्त एक डॉलर द्यावा.

१४३ दिवस आणि ५,३७३ किलोमीटर धावल्यावर रोगाने फुप्फुसे गाठली आणि त्याला थांबावे लागले. देश हेलावला. फेब्रुवारी १९८१ पर्यंत २ कोटी ४० लाखांहून अधिक डॉलर जमले. माणशी एक डॉलर पुरा झाला. जून १९८१ मध्ये टेरी गेला. त्याच्या नावाने अनेक देशांत आजही दौड होते. तिच्यात पहिला-दुसरा क्रमांक नसतो. चालत या, धावत या, चाकाच्या खुर्चीवरून या.

बंधूंनो, ही माणशी एकाची कल्पना आपल्याला परकी आहे काय? १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी द्यावा असे सांगितले. विसावा हिस्सा! लाखाचे दान एकाने देण्यापेक्षा लाखांनी एकेक द्यावे, म्हणजे काम कुणा एकाच्या मालकीचे होत नाही. हा धडा आपल्याला कॅनडाच्या आधीच मिळाला होता. आपण तो किती पाळला, ते ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

केक विकून ३२ मुली

आता खास शिष्यवृत्तीची गोष्ट. इंग्लंडमधल्या अ‍ॅन कॉटन या बाई १९९१ मध्ये आफ्रिकेतल्या झिम्बाब्वे देशात मोला नावाच्या गावी गेल्या. मुली शाळेत का येत नाहीत, याचा अभ्यास करायचा होता. शहरातले शहाणे सांगत की आईबापांनाच मुलींना शिकवायचे नाही, रूढी आड येते. गावात बसून ऐकल्यावर बाईंना वेगळेच कळले. आईबापांना शिकवायचे होते. फी भरायला पैसे नव्हते. दोघांचे भागत नाही म्हटल्यावर ते मुलाला पाठवत, कारण त्याला नोकरी मिळण्याची आशा जास्त.

ऐकलेत ना? गरिबाच्या दारिद्र्याला त्याची "मानसिकता" म्हणायची सवय जगभर सारखीच दिसते! आपल्याबद्दलही हेच म्हटले जात होते.

बाई परतल्या. घरच्या स्वयंपाकघरात केक भाजून केंब्रिजच्या बाजारात विकू लागल्या. ओळखीच्यांकडून पैसे घेतले. १९९३ मध्ये ३२ मुलींचे शिक्षण सुरू झाले. त्यातून कॅम्फेड ही संस्था वाढली. झिम्बाब्वे, झांबिया, घाना, टांझानिया आणि मलावी या देशांत तिचे काम पोचले. १९९८ मध्ये शिकून बाहेर पडलेल्या मुलींनी आपला संघ काढला. नियम असा की, मी शिकले, आता मी माझ्या मागच्या मुलींना हात देणार. त्या पहिल्या ३२ मुलींपैकी अँजेलीन मुरिमिरवा पुढे संस्थेच्या मुख्य कार्यकारी अधिकारी झाल्या. घेणाऱ्या हातांचे देणारे हात झाले, हीच या गोष्टीची खरी कमाई.

तो पैसा इथवर येतो कसा

परदेशच्या माणसांनी आपल्यासाठीही झीज सोसली आहे. बाबासाहेबांच्या अनुयायांची स्थिती पाहून ब्रिटनमधल्या बौद्धांनी १९८० मध्ये एक निधी उभा केला. तोच आज करुणा ट्रस्ट म्हणून ओळखला जातो. त्यांची रीत दौडीपेक्षाही कष्टाची. कार्यकर्ते काही आठवडे एका घरात एकत्र राहतात, सकाळी ध्यान करतात आणि संध्याकाळी थंडीवाऱ्यात दारोदार जाऊन घंटी वाजवतात. अनोळखी माणसाला भारतातल्या आपल्या मुलामुलींबद्दल सांगतात आणि दरमहा थोडी रक्कम द्या म्हणतात. कित्येक दारे तोंडावर बंद होतात. काही उघडतात. त्या उघडलेल्या दारांतून महाराष्ट्रातली वसतिगृहे, बालवाड्या, दवाखाने चालले. खेड्यातल्या कितीतरी मुलांनी त्या वसतिगृहांच्या खाटेवर झोपून दहावी-बारावी पार केली. हा लेख वाचणाऱ्यांतही त्यातले कुणी असतील.

ब्रिटनमध्ये आयकर भरणाऱ्याने एक पौंड दिला, तर संस्थेला सरकारकडून आणखी पंचवीस पेन्स मिळतात. इकडे आपल्या देशात परदेशी पैसा घ्यायला केंद्र सरकारच्या कायद्याखाली नोंदणी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा सारा पैसा आधी दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या खात्यातच यावा लागतो. कार्यालयीन खर्च वीस टक्क्यांच्या वर चालत नाही. मोठ्या संस्थेने परदेशी पैसा घेऊन तो लहान संस्थेला द्यायचा, हा मार्गही बंद झाला. त्यामुळे ज्या लहान संस्थांची स्वतःची नोंदणी नाही, त्यांच्यापर्यंत तो पैसा पोचत नाही. परदेशच्या ओंजळीवर कायम विसंबून राहता येणार नाही, हे यातून आपण शिकावे.

दान की हक्क?

इथे आमचे काही मित्र रागावतील. म्हणतील, "शिक्षण हा हक्क आहे. धावून भीक कशाला मागायची? सरकारकडे मागा." त्यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना अनुसूचित जातींच्या शिक्षणासाठी सरकारपुढे मागण्या ठेवल्या आणि १९४४ पासून मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती सुरू झाली. परदेशी शिक्षणासाठी केंद्राची योजना १९५४-५५ पासून आहे. महाराष्ट्रात राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने योजना आहे. हे हक्काचे आहे आणि ते शेवटच्या पैपर्यंत वसूल केलेच पाहिजे. २०२२ मध्ये केंद्राने भारतीय संस्कृती, इतिहास आणि समाज हे विषय परदेशी शिष्यवृत्तीतून वगळले. जातीचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या आपल्या मुलांवर हा थेट घाव होता. त्याविरुद्ध बोललेच पाहिजे. दौड काढली म्हणून मोर्चा सोडायचा नाही.

पण उरलेले अर्धे ऐका. केंद्राच्या योजनेत संपूर्ण देशासाठी वर्षाला सव्वाशे जागा. निकाल कधी वेळेवर, कधी उशिरा. दरम्यान विद्यापीठाची तारीख थांबत नाही. पहिला हप्ता, इंग्रजीची परीक्षा, व्हिसाचे शुल्क, विमानाचे तिकीट, गरम कपडे, पहिल्या महिन्याचे भाडे हे सगळे शिष्यवृत्ती हाती पडण्याआधी लागते. आमच्या वस्तीतली मुलगी गुणांत कमी पडली नव्हती. हक्क आणि तारीख यांच्यामधल्या खड्ड्यात ती पडली. तो खड्डा भरायला सरकारी अर्ज पुरत नाही. तिथे शेजारी लागतो.

आणि दान म्हणजे भीक नव्हे. धम्मात दानाला पहिले स्थान आहे. देणाऱ्याने गर्व करू नये, घेणाऱ्याने मान खाली घालू नये, एवढे पाळले की पुरे. भीक घेणारा घेऊन निघून जातो. शिष्यवृत्ती घेणारा मागच्याचे देणे अंगावर घेतो. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये परदेशी शिक्षणासाठी जो निधी काढला, तो याच तत्त्वावर. शिकून झाल्यावर पैसे परत करायचे म्हणजे दुसऱ्याला मिळतात. त्याच निधीतून शिष्यवृत्ती घेऊन के. आर. नारायणन १९४५ मध्ये लंडनला शिकायला गेले आणि १९९७ मध्ये देशाचे राष्ट्रपती झाले. केरळातल्या दलित घरातला मुलगा!

आमच्या वस्तीची दौड

एवढे समजल्यावर आम्ही पायरीवर पुन्हा बसलो. या वेळी कुणी हसले नाही. काय केले आणि काय चुकले, ते इतर वस्त्यांच्या उपयोगासाठी लिहितो.

पहिले म्हणजे कागद. नोंदणी नसलेल्या मंडळाने लोकांकडून पैसे गोळा करायचे तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. आमच्या विहाराचा ट्रस्ट नोंदलेला होता म्हणून त्याच्याच नावाने वेगळे खाते उघडले. सह्या तिघांच्या, त्यातली एक महिला मंडळाची. पोलीस ठाण्यात अर्ज दिला. अंतर पाच किलोमीटर ठेवले. वेळ रविवारी सकाळी सहाची, म्हणजे ऊनही नाही आणि रहदारीही नाही. वस्तीतल्या एका परिचारिका ताईंनी प्रथमोपचाराची पेटी सांभाळली. एका टेम्पोवाल्याने गाडी फुकट दिली. पाणी, केळी, लिंबू-साखर यांचा खर्च दुकानदारांनी उचलला.

दुसरे म्हणजे पावती. आम्ही प्रत्येकाला दहा ओळींचा एक कागद दिला. दहा माणसांकडे जा, प्रत्येकाकडून जमेल ते लिहून घ्या. दहा रुपये चालतील. पन्नास चालतील. नाही म्हटले तर जयभीम करून पुढे जा. आमची चूक अशी की, आम्ही सुरुवातीला शंभर रुपये प्रवेश फी ठेवली. घरकाम करणाऱ्या बायांनी नावेच दिली नाहीत. एक जण तोंडावर म्हणाली, "पळायचं आम्ही आणि पैसं बी आम्हीच द्यायचं व्हय?" तिचे बरोबर होते. फी काढून टाकली. मग दोनशे साठ कागद गेले. त्याच बाईने ज्या पाच घरी धुणेभांडी करते तिथे आणि तिथल्या शेजारच्या दारांत जाऊन चार हजार रुपये आणले. सर्वांत मोठी रक्कम तिची!

तिसरे म्हणजे पोरी आणि सुना. आमच्याकडे बाईमाणसाने रस्त्यावर पळायचे म्हणजे लोक काय म्हणतील, ही भीती. महिला मंडळाने ठरवले, आपण साडीवर चालत जाऊ. पांढऱ्या साड्या नेसून साठ बायका चालल्या. दुसऱ्या किलोमीटरला कुणीतरी पदर खोचला आणि पळायला लागली. मग सगळ्याच पळाल्या. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. एक आजी म्हणाली, लहानपणी पाण्याच्या बारीसाठी पळाले होते, त्यानंतर आजच.

चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हिशेब. खर्च वजा जाता १ लाख ३१ हजार ४५० रुपये जमले. आठ दिवसांत पूर्ण हिशेब विहाराच्या फळ्यावर खडूने लिहिला. कागदाची छपाई, पाण्याचे कॅन, सगळे. फळ्यापुढे गर्दी झाली. जयंतीच्या वर्गणीचा हिशेबही असाच लिहा, अशी मागणी लगेच आली. ज्यांना ती बोचली, त्यांना बोचू द्या!

पुढची पिढी

त्या मुलीने पुन्हा अर्ज केला होता. पुन्हा पत्र आले. या वेळी दुसरे पान आम्ही सगळ्यांनी वाचले. पहिल्या हप्त्याला आमची रक्कम पुरली नाही. उरलेले मामाने आणि दोन मैत्रिणींनी दिले. तारखेच्या नऊ दिवस आधी पैसे भरले. गेल्या सप्टेंबरात ती गेली. बाकीच्या फीचे कर्ज तिच्या डोक्यावर आहे आणि शिष्यवृत्तीचा पाठपुरावा अजून चालूच आहे. सगळे सुरळीत झाले असे मी सांगणार नाही.

जाण्याआधी तिने विहाराच्या वहीत स्वतःच्या हाताने लिहून दिले की, नोकरी लागल्यावर ही रक्कम ती निधीत परत भरेल. कुणी तिला तसे लिहायला सांगितले नव्हते. विमानतळावर निघताना तिने पेटीतून साडी काढली. तीच सत्काराची. तिची घडी मोडली आणि नेसली.

१९५६ मध्ये आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या माणसांबद्दलची आपली खंत बोलून दाखवली होती. शिकून मोठे झालेले समाजाकडे वळून पाहत नाहीत, ही ती खंत. ती दूर करायचा एक साधा मार्ग आपल्या पायांत आहे. पाच किलोमीटर चालायला पैसा लागत नाही. दहा दारांत उभे राहायला मात्र धैर्य लागते.

वाचकहो, आपल्या वस्तीत असे पत्र आले असेल, तर आज संध्याकाळीच त्या घरी जा. पेढे खा. अभिनंदन करा. आणि मग म्हणा, "बाळ, दुसरे पान दाखव."

जयभीम! नमो बुद्धाय!